विश्लेषण : सहावीसाठी महापालिकेची कोणती शाळा? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत काय पाहावे?

पाचवी झालेल्या मुलाला महापालिकेच्या कोणत्या शाळेत घालायचे, हे ठरवताना पालकांच्या नजरेत आधी रंगवलेली इमारत आणि डिजिटल फळा भरतो. सहावी ते आठवीच्या शिक्षणाबाबत त्यातून फारसे काही कळत नाही.

शाळा कितवीपर्यंत आहे?

पहिला प्रश्न हाच विचारावा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना आहे. महाराष्ट्रातील जुनी रचना वेगळी होती. तेव्हा सातवीला प्राथमिक शिक्षण संपायचे आणि आठवीपासून हायस्कूल सुरू व्हायचे. त्यामुळे सातवीलाच थांबणाऱ्या शाळा आजही आहेत. तिथल्या मुलांना दोन वर्षांत पुन्हा प्रवेशासाठी फिरावे लागते. नवी शाळा लांब असली की अनेक घरांत आधी मुलीचे शिक्षण थांबते. शेजारची शाळा आठवी किंवा दहावीपर्यंत असेल, तर इमारत जुनी असली तरी तिचे पारडे जड ठरते.

अंतर किती असावे?

राज्याच्या नियमांनुसार उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. पण डोंबिवली किंवा दिव्यात रुळांच्या पलीकडची शाळा नकाशावर जवळ दिसते, प्रत्यक्षात तशी नसते. अकरा वर्षांच्या मुलाला रोज रूळ ओलांडावे लागणार का, हे स्वतः चालून पाहिलेले बरे.

शिक्षकांचे काय?

सहावी ते आठवीसाठी कायद्याने 35 मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. मात्र नुसती सरासरी फसवी असते. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असेही कायदा सांगतो. पट 60 आणि शिक्षक दोन, म्हणजे प्रमाण बसते. पण विज्ञान-गणिताचा शिक्षकच नसेल तर आठवीचे बीजगणित कोण शिकवणार? म्हणून मुख्याध्यापकांना विषयवार नावे विचारावीत.

आकडे कुठे मिळतात?

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो यू-डायस प्लस संकेतस्थळावर टाकला की इयत्तावार पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती मोबाइलवर दिसते. गेल्या वर्षीचा सहावीचा पट आणि यंदाचा सातवीचा पट शेजारी ठेवून पाहावा. तो बराच घटला असेल, तर मुले कुठे गेली हे विचारावे.

गुणवत्ता कशी जोखायची?

आठवीतील ‘एनएमएमएस’ परीक्षेला शाळेतून किती मुले बसली आणि किती पात्र ठरली, हे विचारावे. निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. एकही मूल बसवले जात नसेल, तर शाळेच्या उमेदीचा अंदाज येतो. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी कुणाशी बोलल्यास कार्यालयात न मिळणारी उत्तरे मिळतात.

वर्षाच्या मध्ये शाळा बदलता येते का?

येते. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर कायद्याच्या कलम 5 नुसार आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. त्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.