जंगलातली बुडीत खाती

मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने १८४९ मध्ये जंगलाच्या जमिनीचे मोल चक्रवाढ व्याजाने काढण्याचे सूत्र मांडले. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला ते ओळखीचेच वाटते. त्या हिशेबात स्प्रूस चपखल बसला. सरळसोट, झपाट्याने वाढणारा, बाजारात हमखास खपणारा! डोंगरच्या डोंगर या एकाच सूचिपर्णी झाडाने भरले. म्युनिकच्या कार्ल गायर यांनी १८८६ मध्ये 'मिश्र जंगल' हे पुस्तक लिहून कानीकपाळी ओरडून सांगितले. पण व्याजदरापुढे ऐकतो कोण?

वसुली २०१८ च्या दुष्काळापासून सुरू झाली. स्प्रूसची मुळे उथळ. पाणी तुटले की राळ आटते आणि सालीखाली भुंगेरे शिरतात. शेजारीही स्प्रूसच, म्हणजे त्यांना पुढचे घर तयार. दुष्काळ, वादळे आणि भुंगेरे मिळून २०२१ च्या एप्रिलपर्यंत जर्मनीतले सुमारे पाच लाख हेक्टर जंगल गेले. हार्त्झ पर्वतात नुसते करडे सांगाडे उरले.

मग स्प्रूसशेजारी पानगळीचा बीच लावावा काय? त्याची मुळे अधिक खोल जातात, आणि पालवी फुटेपर्यंत तो शेजाऱ्याचे ऊनही अडवत नाही. दोघांच्या वेगवेगळ्या वाढीची सरासरी काढली, तर एकत्र वाढून ते त्याहून बहुधा जास्त लाकूड देतात. मात्र निव्वळ स्प्रूसपेक्षा जास्त देतीलच असे नाही. मिश्र जंगलाचे भक्त हे सहसा सांगत नाहीत. माझ्या मते खरा फायदा उत्पन्नात कमी, बुडीत कर्जाच्या तरतुदीत अधिक आहे.

अडचण मुदतीची. स्प्रूस ऐंशी-शंभर वर्षांत तोडीला येतो, बीचला सहसा त्याहूनही जास्त लागतात. जर्मनीतले जवळजवळ निम्मे जंगल खासगी मालकीचे आहे. तोवर त्या मालकांच्या घरची चूल कशावर पेटणार?