मान सरळ की वळलेली?

"काकू, मान सरळ घेऊ की वळलेली?"

फोनवर पुतणसून. मला वाटलं, कुठेतरी फोटो काढून घेतेय. मग तिनं व्हॉट्सॲपवर सहा चित्रं पाठवली. सहाही हरणांची मुंडकी, लाकडी पाटावर बसवलेली, छातीपासून वरची. एकाची मान ताठ, एकाची डावीकडे वळलेली, एक खाली वाकून काहीतरी हुंगतंय, दोन पांढरीशुभ्र, एकाला सोनेरी मुलामा. पांडेसऱ्यात बमरोली रोडला त्यांनी नवा फ्लॅट घेतलाय. सोफ्याच्या वर 'काहीतरी रिच' पाहिजे, असं इंटिरियरवाल्याचं म्हणणं. खरं नाहीये, रेझिनचं आहे, हे तिनं मला तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलं म्हणजे तिलाही कुठेतरी टोचत असणार.

मी म्हटलं, "अगं, चातुर्मासात तुझ्याकडे माताजींचा चौका लागायचाय ना?"

"चौका किचनमध्ये असतो काकू. हे हॉलमध्ये आहे."

या उत्तरानं मी दोन दिवस अस्वस्थ होते. पोरीवर माझा राग नाही. तिनं निदान विचारलं तरी. त्यानंतर मी समाजातल्या घरांत जाताना भिंती बघायला लागले, तर आणखी तीन हॉलांत अशी मुंडकी दिसली. त्यातलं एक घर मंदिराच्या कमिटीवरच्या माणसाचं. तिथं कुणी मला विचारलं नव्हतं, म्हणून मीही चहा पिऊन आले. आता लिहिते.

आधी ही वस्तू कुठून आली ते बघा. शिकार करणारा जनावर मारून घरी आणतो तेव्हा त्याच्यापुढे नेमका आपल्या सुनेचाच प्रश्न असतो: कसं बसवू? नुसती कवटी आणि शिंगं साफ करून पाटीवर ठोकायची, की खांद्यापासून वरचं डोकं करायचं, की अख्खं जनावर उभं करायचं, की वाघ असेल तर कातडं जमिनीवर पसरून फक्त डोकं भरीव ठेवायचं. आपण म्हणतो 'पेंढा भरलेला', पण पेंढ्याचे दिवस कधीच गेले. कातडं सोलून त्याला मीठ लावतात, कमावतात, मग कागदाच्या लगद्याच्या किंवा फोमच्या साच्यावर ताणून बसवतात. डोळे काचेचे. जनावराचं स्वतःचं असं वरचं कातडं आणि शिंगंच राहतात. बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या पसंतीनं.

आणि गिऱ्हाइकाची पसंती बघा कशी असते. म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाच्या घराण्याचा कारखाना १९०० पासून १९९९ पर्यंत चालला. देशभरातले राजे आणि गोरे साहेब तिथं आपली जनावरं पाठवत. तिथल्या वाघांची ओळख म्हणजे आ वासलेला जबडा, सुळे बाहेर, नाकावर आठ्या. मचाणावर बसून, हाकारे घालून, झुडपातून बाहेर काढलेला वाघ मरताना असा दिसत असेल का हो? बहुतेक वेळा तो पळत असतो. पण पळणारा वाघ भिंतीवर लावला तर पाहुणे साहेबाला शूर कसे म्हणतील? म्हणून मेल्यानंतर त्याला राग आणून दिला. हरणाचं उलटं. त्याला चिडवून उपयोग नाही, म्हणून त्याचे कान पुढे, मान ताठ, डोळे टवकारलेले. म्हणजे गोळी लागण्याच्या आधीचा क्षण. 'मान वळलेली' म्हणजे चाहूल लागलेली. 'मान खाली' म्हणजे बेसावध चरणारं. सुनबाई ज्यातून निवड करत होती त्या सहा फॅशन नव्हत्या गं, एका मरणाच्या सहा वेळा होत्या.

हे साहेबांचं कौतुक आपल्याला परकं आहे असंही समजू नका. आपण इथं सुरतेत आलेले बहुतेक खानदेशचे, ताप्ती लाइनीनं आलेले. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी १८२५ पासून आपल्या खानदेशात होता, धरणगावला त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. १८३४ पर्यंतच्या त्याच्या शिकारीचा हिशोब त्याच्या चरित्रात दिलेला आहे: वाघ १९१, शिवाय अस्वलं, बिबटे, रानरेडे. आज धरणगाव-एरंडोलकडे वाघ दाखवा मला. मी लहानपणी कोल्हापूरला सहलीत गेले होते, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात असे प्राणी ओळीनं पाहिले. आमच्यातली एक मुलगी वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे बघून रडली आणि बाई म्हणाल्या, वेडी आहेस का, तो मेलाय. आज वाटतं, अख्ख्या सहलीत शहाणी तीच होती.

आता मुख्य मुद्दा, जो मला सगळ्यांनी ऐकवला. "पण हे खोटं आहे. कुणाला मारलेलं नाही."

बायांनो, तुम्ही यशोधर राजाची कथा ऐकली नाहीत का? आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सोमदेवसूरींनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. उज्जैनीचा यशोधर. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. तो म्हणतो, जीव मारणार नाही. मग मायलेकांची तडजोड होते: पिठाचा कोंबडा करू आणि तोच कापू. कापला. पीठच होतं, एक थेंब रक्त निघालं नाही. आणि त्याचं फळ म्हणून दोघांनी मोर, कुत्रा असे किती जन्म घेतले, प्रत्येक जन्मात कसे मारले गेले, हे आजीनं सांगितलं की आम्ही पोरी पांघरुणात तोंड लपवायचो. ही कथा आपल्या आचार्यांनी नेमकी कुणासाठी लिहिली? खऱ्या कसायासाठी नाही. "खोटं आहे, चालतं" म्हणणाऱ्या घरंदाज माणसासाठी लिहिली. रेझिनचं हरीण हा आपला पिठाचा कोंबडा आहे, फक्त ऑनलाइन मागवलेला.

पाठशाळेत आपली पोरं सप्त व्यसनं पाठ म्हणतात: जुगार, मांस, दारू, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. शिकार पाचवी. मी त्या कमिटीवाल्या भाऊंच्या घरी मनातल्या मनात विचारलं, की सोफ्याच्या वर रेझिनची दारूची बाटली लावाल का? खोटीच आहे, आत रंगीत पाणी. लावणार नाहीत. बाटली दिसली की व्यसन दिसतं, मुंडकं दिसलं की 'डेकोर' दिसतो. आणि अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त अनर्थदंड सांगताना शिकारीचं नुसतं चिंतनसुद्धा कधी करू नये असं स्पष्ट म्हटलंय. अनर्थ, म्हणजे ज्याची काही गरजच नाही असं पाप. पोटासाठी नाही, संरक्षणासाठी नाही, धंद्यासाठी नाही. नुसती भिंत मोकळी दिसत होती म्हणून.

त्यातून हरीणच का? शांतिनाथांचं लांछन हरीण आहे. देरासरात मूर्तीच्या खाली बघतो तिथं ते अख्खं असतं, चार पायांसकट. आणि नेमिनाथ! ज्या गुजरातेत आपण राहतो तिथल्या गिरनारची कथा. लग्नाला निघालेले, वाटेत कोंडलेली जनावरं ओरडताना ऐकली, वऱ्हाडाच्या जेवणासाठी कोंडलीत हे कळलं आणि रथ मागे फिरवला. राजुलमतीला तिथंच सोडून. आपण दरवर्षी हे ऐकून डोळे पुसतो आणि नव्या नवरीच्या हॉलमध्ये त्याच कुंपणातलं एक मुंडकं लावतो. राजुलचं लग्न मोडलं ते फुकटच म्हणायचं.

काहीजणींच्या गावच्या वाड्यात खरी शिंगंही आहेत, मला माहीत आहे. आजोबांच्या वेळची, दरवाजावर ठोकलेली काळविटाची. त्यांच्यासाठी थोडं कोरडं बोलते, कामाचं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिंग, कातडं, दात, नखं, पेंढा भरलेलं डोकं या सगळ्याला ट्रॉफीच म्हटलंय. मालकीचा दाखला असल्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा. विकता तर येतच नाही. ज्यांनी आधी नोंद केली नव्हती त्यांना २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, तीही गेली. तेव्हा वाडा विकताना 'अँटिक' म्हणून सुरतेला घेऊन येऊ नका. वकिलाला विचारा आणि वन खात्याकडे जा. आजोबांनी मारलं नसेल, कुणी भेट दिलं असेल, सगळं खरं. तरी.

त्याच कायद्यात मोराच्या पिसाला मात्र सूट आहे. आपल्या मुनींची पिंछी त्या पिसांची. मोर आपणहून गाळतो ती पिसं गोळा करायची आणि बसण्याआधी त्यांनी मुंगी बाजूला सारायची. जनावराच्या अंगावरची वस्तू घरात असूच नये असं मी म्हणत नाहीये. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मीचं केंद्र आहे, तिथं आपोआप मेलेल्या प्राण्यांची कातडी राखतात, मुलांना शिकवायला. त्याला माझा विरोध नाही. वाघ मेला, कुणी मारला नाही, आणि पोरांना तो जवळून कळतो. तिथं कुणी स्वतःच्या शौर्याचा पाट खाली ठोकलेला नसतो.

एकीनं मला सुनावलं, "ताई, तुमच्या पैठणीचं काय? कोष उकळतात ना?" बरोबर बोलली. माझ्याकडे दोन आहेत, एक लग्नातली, एक मी स्वतः हौसेनं घेतलेली. दुसरीची मला लाज वाटते. गेली काही वर्षं मी इथलीच, आपल्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये छापलेली सिंथेटिक नेसते आणि त्या मिलचं रंगाचं पाणी कुठं जातं हा प्रश्न मला कुणी विचारला तर त्याचंही पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण माझी चूक दाखवल्यानं तुमच्या भिंतीवरचं हरीण कुरणात जात नाही. दोघी मिळून एकेक काढूया की खाली.

सुनेला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त यशोधराची गोष्ट सांगितली, आणि तिची चार वर्षांची पोरगी मांडीवर बसून ऐकत होती. मोराचा जन्म आला तेव्हा पोरीनं विचारलं, मग तो मोर कुणी मारला? सून उठून आत गेली.

परवा तिचा पुन्हा फोन. "काकू, ऑर्डर कॅन्सल केली. पण कारागिरानं भिंतीला चार भोकं पाडून ठेवलीत, आता तिथं काय लावू?"

मी म्हटलं, घड्याळ लाव.

"घड्याळाला एकच भोक लागतं काकू."