फुकटचे लोगो

नाशिकच्या हौशी रॅलीवाल्यांच्या गाड्या एका रांगेत उभ्या असतील तेव्हा इंजिनाकडे नंतर बघा, आधी दारं वाचा. जुनी जिप्सी, एखादी एस्टीम, कुणाच्या तरी वडिलांच्या नावावरची स्विफ्ट. दारावर परदेशी इंजिन ऑइल, बोनेटवर एनर्जी ड्रिंक, मागच्या फेंडरवर जपानी टायर. यातल्या बहुतेक कंपन्यांनी त्या गाडीसाठी एक रुपयासुद्धा दिलेला नसतो. ज्या टायरचं नाव लिहिलंय तो टायरही गाडीला नसतो. आणि जिच्या भिशीच्या पैशांतून रोल केज झाला, ती आत्या त्या दारावर कुठेच नसते.

मी नॅव्हिगेटर आहे. म्हणजे डावीकडच्या सीटवर बसून वळणं वाचून दाखवते, आणि स्पर्धेआधीच्या आठवड्यात पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून गाडीला विनाइल चिकटवते. दुसऱ्या कामाबद्दल मला जास्त अभिमान आहे, त्यामुळे हे भांडण माझं आहे.

आधी एक गैरसमज काढू. ‘रॅप घरी करायचा नसतो, प्रोफेशनलला दे’ असं सांगणारे शो-रूमच्या गाडीचा विचार करत असतात. रॅलीची गाडी पहिल्याच दिवशी खडीचा मार खाते, बंपर एका वळणावर राहतो, दुसऱ्या दिवशी भंगारातून आणलेला वेगळ्याच रंगाचा फेंडर लागतो. तिथे आरशासारखं फिनिश काय चाटायचं? तिथे रात्रीतून पुन्हा करता येईल असं काम लागतं, आणि ते ज्याला स्वतःच्या हाताने जमतं तोच सकाळी पूर्ण गाडी घेऊन उभा राहतो. व्यावसायिकाकडून पूर्ण रॅप करून घ्यायला जे पैसे जातात त्यात चांगलं हेल्मेट येतं. हिशेब तुम्हीच करा.

काम अवघड नाही, चिकट आहे. विनाइल म्हणजे पीव्हीसी, बोअरच्या पाइपाचा पातळ चुलतभाऊ. त्यात दोन जाती. कॅलेंडर्ड विनाइल रोलरमधून दाबून काढतात. ते स्वस्त आणि जाड, पण ताणलं की त्याला आपला मूळ आकार आठवतो आणि कडा मागे सरकतात. कास्ट विनाइल पातळ ओतून भाजतात. साधारण ५० मायक्रॉन, आणि बंपरच्या गोलाईवर ते मुकाट्याने बसतं. सपाट दाराला पहिलं चालतं, गोलाईला दुसरंच घ्या. गाडी धुवायची, मेण आणि ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मधून बाहेरच्या दिशेने स्क्वीजी मारायची, आणि शेवटी कडांना हीट गनने साधारण ९० अंशांपर्यंत तापवायचं म्हणजे ताणलेलं विनाइल तिथंच स्थिरावतं. गाडीवर ठेवून कटर चालवू नका, ब्लेड रंगाखाली जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज निघतो. नाशिकचं हवामान हा वेगळाच विषय. मे महिन्यात दुपारी पत्रा इतका तापतो की गोंद हात लावताच धरतो आणि सोडतच नाही. निफाडकडच्या जानेवारीत उलटं, विनाइल पापडासारखं कडक होतं. सकाळी अकराच्या आत, सावलीत, झाडू न मारलेल्या जागी करा. (झाडू मारला की धूळ उडते, आणि प्रत्येक कणाचा एक फोड होतो.)

आता मूळ भांडण. एवढे कष्ट करून आपण नेमकं काय चिकटवतो?

गाडीवरच्या लोगोला एक इतिहास आहे. कितीतरी वर्षं ग्रांप्रीच्या गाड्या देशाच्या रंगात धावायच्या: इंग्लंड हिरवा, इटली लाल, फ्रान्स निळा. १९६८ साली जाहिरातींना परवानगी मिळाली आणि लोटसची टीम गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात उतरली. त्या रंगांमागे पैसे होते. सिगारेटचे होते, वाईट होते, पण होते. गाडीवरचा लोगो ही पावती होती. उलट उदाहरणही आहे. १९७५ साली जेम्स हंटने झांडवूर्टची डच ग्रांप्री जिंकली ती हेस्केथच्या पांढऱ्या गाडीतून, जिच्यावर कुठलाही प्रायोजक नव्हता. मालक लॉर्ड होता, त्याला परवडत होतं. तरी एवढं खरं की ज्याने पैसे दिले नाहीत त्याचं नाव त्याने लिहिलं नाही.

आपण लिहितो. पैसे न घेता, परवानगी न विचारता, वर विनाइलचा खर्च स्वतः करून.

‘छान दिसतं’ हे पहिलं उत्तर असतं. दुसरं जरा हुशार असतं: असे लोगो दिसले की उद्या खरा प्रायोजक येईल. मला तर नेमकं उलटं होताना दिसतं. सातपूर-अंबडमध्ये छोटे कारखानदार काही कमी नाहीत. या शहरात महिंद्राची स्कॉर्पिओ बनते, बॉशच्या कारखान्यामुळे चौकाला अजून मायको सर्कल म्हणतात, आणि त्या मोठ्यांच्या आधाराने शेकडो लेथ फिरतात. त्यातला एखादा पाच-दहा हजार द्यायला तयार होऊ शकतो. पण तो तुमची गाडी बघतो आणि त्याला वाटतं, इथे आधीच बड्या लोकांची रांग आहे, आपलं काय काम. ज्याच्याकडे जायला हवं होतं त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने दारातून परत पाठवलेलं असतं.

आणि बघायला आलेला बारावीतला पोरगा? राष्ट्रीय रॅली मालिकेची फेरी ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नावाने नाशिकला झालेली आहे. त्या रस्त्यांच्या कडेला उभं राहून कितीतरी मुलांना हा नाद लागला. त्याला तुमच्या दारावरून एकच गोष्ट कळते: हे आपल्यासारख्यांचं काम नाही, यामागे कंपन्या लागतात. तुमच्यामागे होत्या का? तुमच्यामागे एक आत्या, एक लेथवाला, आणि ट्रॉलीवरून गाडी फुकट नेणारा द्राक्षबागवाला मावसभाऊ होता. हे त्या पोराला कळलं असतं तर तो घरी जाऊन आपल्या आत्याशी बोलला असता.

मला माहीत आहे, नावांची यादी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे चौकातला फ्लेक्स येतो. भाऊंचा फोटो, खाली पन्नास शुभेच्छुक. नको वाटतं, मलाही. पण फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकाने काय दिलेलं असतं? फोटो. तुमच्या शुभेच्छुकाने क्लच प्लेट दिलीय. त्याला लपवायचं आणि ज्याने काहीच दिलं नाही त्याला मिरवायचं, यात फ्लेक्सपेक्षा वेगळं काय केलंत?

रॅलीच्या गाडीवर एक मजकूर मात्र कुणी खोटा लिहीत नाही. ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटरचं नाव, आणि शेजारी रक्तगट. बी पॉझिटिव्ह जरा कमी भारी वाटतो म्हणून कुणी ओ निगेटिव्ह चिकटवत नाही, कारण गाडी उलटली तर समोरचा माणूस तेच वाचणार असतो. म्हणजे याच पत्र्यावर खरं लिहायची सवय आपल्याला आहे. ती एक वीतभर पुढे सरकवा, एवढंच मागतेय.

यात व्यवहारही आहे. रॅलीत एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत गाडी साध्या रस्त्यावरून जाते, म्हणून नंबरप्लेट, आरसी सगळं लागतं. आरसीवर रंग लिहिलेला असतो. पूर्ण गाडीचा रंग रॅपने बदललात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची कटकट मागे लागते. मूळ रंग ठेवून फक्त दोन पट्टे, स्पर्धेचा नंबर आणि नावं लावा. नावं कापायला कुठल्याही रेडियमवाल्याचा प्लॉटर पुरतो, देवनागरी अक्षरं तो रोज रिक्षांसाठी कापतोच.

आमच्या डाव्या दारावर आत्याचं नाव आहे, चार इंच उंच, पांढरं. तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ‘एवढं मोठं कशाला’ म्हणाली आणि मग शेजारणीला बोलावून आणलं. तुम्ही करणार असाल तर रेडियमवाल्याला अक्षरांचे कोपरे जरा गोल ठेवायला सांगा. टोकदार कोपरे धुळीत सगळ्यात आधी उचकटतात.