चकाकीच्या हौसेपायी

दिवाळीची आवराआवर करताना बाबांचं शाईपेन सापडलं. एबोनाइटचं, मूळचं काळंभोर, पण पार तपकिरी पडलेलं. म्हटलं, समईबरोबर यालाही चकचकीत करू! पितळेचं पॉलिश लावून खसाखसा घासलं. क्लिपचा सोनेरी मुलामा गेला आणि पेनावर कोरलेलं बाबांचं नावही. तेव्हा कुठे हात थांबला.

मैत्रिणींनो, एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन-पाण्याने त्याचा रंग उतरतो. गरम पाण्यात तर बुडवूच नका. टूथपेस्टही नको, त्यात घासणारी पूड असते. सेल्युलॉइडच्या पेनाला ॲसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर लावाल, तर पेनच विरघळायला लागेल. (हे सगळं घरात हाताशी असतं ना, तिथेच घोळ होतो!) पॉलिश हवंच असेल तर प्लॅस्टिकसाठीचं, अगदी बारीक घ्या. मऊ सुती फडक्यावर थेंबभर, अक्षरं आणि मुलामा सोडून. माझं विचाराल तर नुसतं कोरडं फडकंच बरं. तपकिरी राहिलं तर राहू दे की!

माझ्या लेकीच्या बोटाला आता आजोबांच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं लागतं.