इस्लाह कुणाची? पोरांची की त्यांच्या वाक्यांची?

आमच्या मोहन्यात 'एनआरसी' म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं, कंपनी. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. तिच्या पगारावर इथली घरं उभी राहिली, लग्नं झाली, पोरं शिकली. २००९ साली ती बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकत राहिली. त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. आमचेही होते.

२०२० च्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका संस्थेनं मुलांसाठी एक दिवसाची लेखन कार्यशाळा घेतली. मी माझ्या शाळेतली सहा मुलं घेऊन गेलो. त्यातल्या नववीतल्या एका मुलीनं पानभर मजकूर लिहिला. शीर्षक होतं 'आमची एनआरसी'. कंपनी बंद झाल्यावरही तिचे दादा रोज पहाटे पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठायचे, डबा भरून घ्यायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. दुपारी तिथेच डबा उघडून जेवायचे. शेवटचं वाक्य होतं, "दादी त्यांना कधीच विचारत नाही की कुठे चाललात."

मी बावीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवतोय. असं वाक्य वर्गात दर वर्षी मिळत नाही.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी शीर्षक वाचलं आणि खूश झाले. तेव्हा नागरिकत्वाचा विषय तापलेला होता. म्हणाले, "विषय छान निवडलास. पण यात भीती दिसत नाही. कागदपत्रं शोधताना आजोबांचे हात थरथरतात, असं काही तरी टाक."

पोरगी म्हणाली, "सर, ही ती एनआरसी नाही. आमची कंपनी आहे."

"मग दोन्ही जोडून टाक! जास्त परिणाम होईल."

मग आमच्याच संस्थेचे एक बुजुर्ग आले. त्यांना भीती नको होती, नसीहत हवी होती. "बेटा, असं अर्धवट सोडू नकोस. दादांनी सब्र केला, नातवंडांनी शिकून त्यांचं नाव काढलं, असा शेवट कर. वाचणाऱ्याला काही तरी सबक मिळाला पाहिजे."

पोरीनं दोघांचं ऐकलं. हात थरथरले, सब्र आला, दादीचं वाक्य गेलं. पहिला नंबर मिळाला. फोटोत ती प्रमाणपत्र धरून उभी आहे. त्यानंतर तिनं लिहिलेली एक ओळही मला दाखवली नाही.

मी त्या खोलीत होतो. बी.एड. झालेला, दोन भाषांचा शिक्षक. आणि मी गप्प बसलो. म्हणून आज जे लिहितोय त्यात पहिला आरोपी मीच आहे.

उर्दूत 'इस्लाह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, माणसाची किंवा समाजाची सुधारणा. दुसरा, शागिर्दाच्या कवितेत उस्तादानं केलेली दुरुस्ती. आमच्या मोहल्ल्यांमध्ये पहिल्या अर्थाचा सुकाळ आहे. इस्लाही जलसे होतात, इस्लाही भाषणं होतात, स्पर्धेचे विषयही इस्लाही असतात. दुसरा अर्थ मात्र आम्ही विसरून गेलो. मुलाचे विचार सुधारायला पन्नास माणसं तयार आहेत. त्याचं वाक्य त्याच्या शेजारी बसून तपासायला एकही नाही.

ही आमचीच परंपरा होती. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला पत्रातून तपासून पाठवत. त्यांचे लाडके शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता होते. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादला दाग देहलवींकडे टपालानं गझला पाठवत आणि दाग त्या दुरुस्त करून परत करत. मराठीत हेच काम सुरेश भटांनी केलं. 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि कुठल्या कुठल्या गावांतल्या नवख्या पोरांना पत्रं लिहून गझल शिकवली. आणि आपले इलाही जमादार! सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा हा माणूस नवोदितांसाठी 'गझल क्लिनिक' नावाची कार्यशाळा घेत असे. क्लिनिक हा शब्द पाहा. एकेक रोगी, एकेक नाडी. सरसकट सगळ्यांना एकच गोळी नाही. २०२१ मध्ये इलाही गेले तेव्हा आम्ही श्रद्धांजलीचे मेसेज खूप फिरवले. आपल्या वस्तीत त्यांच्यासारखं चार पोरांना घेऊन बसावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

या उस्तादांचा एक नियम होता. ते मात्रा बघत, काफिया बघत, शब्द चपखल बसला की नाही हे बघत. शेरात दुःख कुणाचं आहे, ते शागिर्दाचं असे. आमच्या कार्यशाळेत उलटं झालं. वाक्यरचनेबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, आणि दुःख मात्र बदलून दिलं.

इथे काही जण विचारतील, मग समाजाचं दुःख लिहायचंच नाही का? जरूर लिहायचं. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं असे सवाल केले की ते आजही अंगावर येतात. समाजाचंच दुःख होतं ते. पण कुणी पाहुण्यानं येऊन 'हे टाक' म्हणून सांगितलेलं नव्हतं. शिकवणाऱ्यांनी तिला अक्षर दिलं, धीर दिला आणि तिच्या तोंडचे सवाल तिच्याच तोंडी राहू दिले. आमच्या दादांच्या डब्यातही समाजाचं दुःख गच्च भरलेलं होतं. पाहुण्यांना ते दिसलं नाही, कारण मुसलमान पोरीच्या कागदावर काय दिसायला हवं हे ते घरूनच ठरवून आले होते. बुजुर्गांनाही दिसलं नाही, कारण तेही ठरवूनच आले होते. एकाला आम्ही पीडित हवे असतो, दुसऱ्याला नेक. चौदा वर्षांची पोरगी दोघांनाही नको असते.

दोन वर्षांनी 'भोंगा' या शब्दाचंही तेच झालं. मोहन्यात भोंगा म्हणजे पाळी सुरू झाल्याची खूण होती. २०२२ साली साऱ्या महाराष्ट्रात त्याचा एकच अर्थ उरला. आमच्या पोरांचे शब्द असे एकेक करून दुसरेच लोक घेऊन जातात. ते परत मिळवण्याची जागा म्हणजे पोरांची वही. तीही आम्ही त्यांच्या हातून काढून घेतो.

दुसरा आक्षेप माझ्या शिक्षकमित्रांचा. "उर्दू माध्यमाच्या पोरांना मराठीत धड चार वाक्यं येत नाहीत, तुम्ही लेखक कसले घडवता?" अहो, ती येत नाहीत कारण आपण त्यांना पाठ निबंध देतो. 'माझी आई', 'पावसाळा', 'मी पंतप्रधान झालो तर'. घरात दखनी बोलणारं पोर मराठीत स्वतःची गोष्ट सांगायला लागतं तेव्हा अडखळतं, आणि त्या अडखळण्यातच भाषा शिकतं. मी मात्र अनेक वर्षं त्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढत राहिलो. वाक्यात काय सांगितलंय ते वाचलंच नाही.

तिसरा आक्षेप, आपल्याला व्यासपीठ मिळत नाही. हा तर मला मान्यच नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण होते. व्यासपीठ मिळून तीस वर्षं उलटून गेली. त्यावर चढणाऱ्या पुढच्या पिढीची वही कुणी तपासायची, हे ठरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कार्यशाळा, पाहुणे, बॅनर, प्रमाणपत्रं थोडे दिवस बंद करा. एका जलशाच्या मंडपाला जेवढं भाडं जातं, तेवढ्यात एक खोली, दोन सतरंज्या आणि आठ मुलांच्या वर्षभराच्या वह्या होतात. दर रविवारी असरनंतर तासभर. तीच आठ मुलं, तोच शिक्षक. मुलानं स्वतः वाचून दाखवायचं. शिक्षकानं तीनच गोष्टी विचारायच्या: हे तू पाहिलंस का? हा शब्द घरात असाच बोलतात का? तुला यातलं कुठलं वाक्य सर्वांत आवडतं? शेवट बदलायचा हक्क फक्त लिहिणाऱ्याला. स्पर्धा नाही, फोटो नाही. मी ही खोली शोधतोय. बाकीच्या वस्त्यांमध्ये कुणी सुरू करणार असेल तर मी येऊन बसायला तयार आहे, सत्कार नको.

त्या मुलीचा बदललेला लेख संस्थेच्या स्मरणिकेत छापला आहे. मूळ कागद माझ्याकडे नाही. त्या दिवशी तो मागून घ्यायला हवा होता. पुढचा जलसा ठरवायला बसणाऱ्या मंडळींना एवढंच विचारतो: तुमच्या घरातल्या पोरानं लिहिलेला, कुणीही न सुधारलेला एक तरी कागद तुमच्याकडे आहे का?