कपाट गुण्यात, तर दार जागेवर

घरात सुतारकाम काढले की भुसा, खिळे आणि चहाचे कप यांतून वाट काढत दिवस ढकलावे लागतात. अखेर एकदाचे कपाट उभे राहते, सनमायका चकाकू लागतो, शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जातात. पण थोड्याच दिवसांत एक दार खाली घासू लागते. दोन दारांच्या वरच्या कडा जुळत नाहीत, कुलपाची जीभ खाचेत बसत नाही. घरातले बिजागऱ्यांना दोष देतात, शेजारी पावसाला. सुतार येतो, दाराची कड रंध्याने तासून देतो. उन्हाळ्यात तेच दार इतके सैल होते की फटीतून झुरळ खुशाल आत शिरते.

पावसात लाकूड फुगते हे खरे. पण बऱ्याचदा मूळ दोष दारात नसून कपाटाच्या खोक्यातच असतो. खोका गुण्यात नसतो, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नसतात.

एवढ्याशा फरकाने काय होते?

१८० सेंमी उंच आणि ९० सेंमी रुंद असे दोन दारांचे कपाट घ्या. त्याचा माथा एका बाजूला केवळ ११ मिमी सरकला, तर डोळ्यांना सहसा कळतही नाही. पण दारे आपापल्या बाजूच्या फळीला टांगलेली असल्याने तीही तेवढीच कलतात. एका दाराची मधली कड खाली येते, दुसऱ्याची वर जाते आणि मधोमध साडेपाच मिमीचा फरक पडतो. दारांभोवतीची फट जेमतेम दोन-तीन मिमीची असते. मग दार घासणार नाही तर काय?

कर्ण मोजा

यावरचा उपाय साधा आहे. खोका जोडून झाला, पण मागचे प्लायवूड ठोकायचे आहे, त्या वेळी मोजपट्टी हाती घ्यावी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट, अशी दोन्ही तिरकी मापे घ्यावीत. ती सारखी आली तर खोका गुण्यात आहे. वरच्या मापाच्या कपाटात प्रत्येक कर्ण सुमारे २०१ सेंमी यायला हवा. दोहोंत एक सेंमीचा फरक आला, तर माथा ११ मिमी सरकला आहे असे समजावे.

मात्र त्याआधी उभ्या दोन फळ्या एकमेकींना लावून पाहाव्यात, आडव्याही तशाच. जोडीतल्या फळ्या समान लांबीच्या नसतील, तर कर्ण सारखे येऊनही कोपरे चुकलेले असू शकतात.

आयताच्या बाजू आणि कर्ण यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रात ते सांगितले आहे. शुल्ब म्हणजे दोरी. त्याच आधारे मोठा काटकोनही तपासता येतो: कोपऱ्यापासून एका बाजूवर ६० सेंमी आणि दुसरीवर ८० सेंमीवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १०० सेंमी असेल, तर कोपरा काटकोनात आहे.

खोका तिरका निघाला तर

फेविकॉल सुकण्याआधी तो सरळ करता येतो. जो कर्ण लांब भरला, त्याच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून हळूहळू आवळावे. क्लॅम्प नसेल तर दोरी बांधून तिच्यात काठी घालावी आणि पीळ देत जावे. कोपरे दबू नयेत म्हणून खाली पुठ्ठा ठेवावा. लांब कर्ण फरकाच्या निम्म्यानेच कमी करायचा, कारण दुसरा तेवढाच वाढतो. मापे जुळली की त्याच स्थितीत मागचे प्लायवूड ठोकावे आणि रात्रभर खोका हलवू नये.

हे मागचे प्लायवूड केवळ धूळ अडवण्यासाठी नसते. चार फळ्यांचा चौकोन जोडांवर कलू शकतो, पण मागचा अखंड तुकडा त्याला कलू देत नाही. म्हणून तो स्वतः नेमका काटकोनात कापलेला हवा. सुट्या भागांचे तयार कपाट घरी जोडतानाही मागचा पातळ पत्रा 'राहू दे' म्हणून टाळू नये. पुस्तकांच्या उघड्या मांडणीला पाठ नको असेल, तर निदान माथ्याशी आणि तळाशी मागून आठ-दहा सेंमी रुंदीची पट्टी किंवा कोपऱ्यांत लोखंडी अँगल लावावेत.

गुण्या आणि जमीन

गुण्या हातातून पडून बिघडलेला असू शकतो. सरळ कडेच्या फळीवर त्याने एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर गुण्या बदलावा.

जोडणीची जागाही पाहावी. गच्ची आणि बाल्कनी यांना पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तिथे जोडलेल्या खोक्याला पीळ पडतो. काम सपाट जमिनीवरच करावे. कपाट जागेवर ठेवल्यावर तळाशी पाणसळ लावावी आणि जो कोपरा खाली असेल तिथे पातळ प्लायची चकती सरकवावी. भिंतीचे कोपरेही नेहमी काटकोनात नसतात. त्यासाठी खोका तिरका करू नये. तो गुण्यातच ठेवून भिंतीलगतची फट पट्टीने झाकावी.

विचारायला संकोच कशाला?

कारागिराला असे विचारणे बऱ्याच गृहिणींना अवघड वाटते. त्याला राग येईल, आपल्याला काय कळते असे तो म्हणेल, अशी भीती असते. पण जाणता मिस्त्री हे माप स्वतःच घेतो. "मिस्त्री, मागचे प्लाय ठोकण्याआधी दोन्ही तिरकी मापे मलाही दाखवा," एवढे म्हटले तर कोणाचाही अपमान होत नाही. काम दोन मिनिटांचे आहे. एकदा पाठ ठोकली आणि फेविकॉल सुकला की तोच दोष काढायला सगळे कपाट उकलावे लागते.

जुन्या कपाटाचे दार घासत असेल, तरी लगेच रंधा मागवू नये. आधी कपाट रिकामे करून पाणसळ लावावी, कर्ण मोजावेत. तळाशी एक चकती सरकवून काम भागले, तर दाराचे लाकूड वाचते. तासून गेलेले लाकूड मात्र परत येत नाही.