आधी लोड लिस्ट, मग कार्ड

इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेली अर्धापूरची केळी रायपनिंग चेंबरमध्ये जातात, तेव्हा आत कॉम्प्रेसर, एक्झॉस्ट पंखा आणि इथिलीनचा वॉल्व्ह चालतो तो पीएलसीच्या, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या नियंत्रकाच्या, आउटपुट कार्डाच्या हुकमाने. तरीही पॅनल मागवताना कार्डाचा निकाल एका वाक्यात लागतो : "रिले आउटपुट घ्या, त्यावर सगळं चालतं."

या मतात तथ्य आहे. रिले एसी-डीसी दोन्ही चालवतो, साधारण 2 अँपिअर पेलतो. पण पूर्ण भारावर त्याचे आयुष्य सुमारे 1 लाख उघडझापींचे धरतात. तासाला 6 वेळा सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरला दिवसाला 144 उघडझापी लागतात. रिले जवळपास दोन वर्षे टिकेल. साखर कारखान्यात पोती भरणाऱ्या यंत्राचा वॉल्व्ह मात्र दर 10 सेकंदांनी हलला, तर दिवसाला 8,640 वेळा हलतो. बाराव्या दिवशी लाखाचा आकडा पार होतो आणि गळीत हंगाम तर काही महिने चालायचा असतो.

दुसरा पक्ष म्हणतो, ट्रान्झिस्टर झिजत नाही, तोच सगळीकडे लावा. झिजत नाही हे खरे. पण तो फक्त डीसी चालवतो, एका आउटपुटवर बहुधा अर्धा अँपिअरच देतो, आणि कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज त्याचा बळी घेते. एसीसाठी ट्रायक सुचवतात, तर तो बंद असतानाही थोडा करंट गळतो. तेवढ्यावर छोटा रिले धरून राहू शकतो.

तिसरा समज सर्वांत घातक : "पीएलसी थांबला की सगळं बंद होतं." चिकटलेला काँटॅक्ट किंवा शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर प्रोग्रामचे ऐकत नाही. केळी पिकवायला 100 पीपीएम, म्हणजे 0.01 टक्का इथिलीन पुरते. हवेत ते 2.7 टक्क्यांवर गेले की पेट घेऊ शकते. म्हणून इथिलीनचा वॉल्व्ह वीज गेल्यावर आपोआप बंद होणाराच हवा, आणि इमर्जन्सी स्टॉपने आउटपुटचा पुरवठा थेट वायरिंगमधूनच तुटला पाहिजे.

मग योग्य काय? आधी प्रत्येक लोडचे व्होल्टेज, चालू करंट, सुरुवातीचा करंट आणि दिवसातल्या उघडझापी लिहा. जलद आणि हलक्या डीसी लोडला ट्रान्झिस्टर द्या, संथ आणि मिश्र लोडला रिले. मोठा कॉन्टॅक्टर कार्डावर थेट टाकू नका. मध्ये सॉकेटवरचा रिले घाला. बिघडला तर तो मिनिटांत बदलता येतो, कार्ड वाचते. डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉइलवर आरसी स्नबर आणि प्रत्येक कॉमनला स्वतंत्र फ्यूज हवाच.

चेंबर बांधणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारखान्यांच्या खरेदी विभागांना माझे सांगणे आहे : कोटेशनसोबत लोड लिस्ट मागा. ती जोडलेली नसेल, तर सही करू नका.